नवं हॉटेल उघडलं की आधी साधंच मागवा

नाशिकच्या सिडकोत आमचं मसाला कांडपाचं दुकान आहे. होळीपासून मृगापर्यंत दारात बायांची रांग असते. देठं काढून कडक वाळवलेल्या मिरच्या, खोबऱ्याच्या वाट्या, धण्याच्या पिशव्या घेऊन सगळ्या बसलेल्या. नंबर लागायला तास-दीड तास सहज जातो. तेवढ्यात सुना, सोन्याचा भाव आणि हॉटेलं हे तीन विषय होऊन जातात. पाथर्डी फाट्याला कोणतं नवं उघडलं, गंगापूर रोडला कोण व्याह्यांना घेऊन गेलं, इंदिरानगरच्या कुठल्या खानावळीत भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, हे मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं.

अडचण एवढीच की दहातल्या नऊ जणी "छान आहे हो" म्हणून थांबतात. मी विचारते, रस्सा काळा होता की लाल? मटकीचे मोड शाबूत होते का? पाव गरम होता? तर म्हणे, "ते काही लक्षात नाही बाई, पण बसायला झोपाळे आहेत."

अगं, झोपाळा माझ्या माहेरीही होता. खाल्लंस काय ते सांग.

म्हणून हे लिहायला घेतलं. नव्या हॉटेलात कधी जायचं, काय मागवायचं, चव लक्षात कशी ठेवायची आणि मग दुसऱ्याला कशी सांगायची, ते. मी आचारी नाही. पण बावीस वर्षं मसाला कुटते आहे, त्यामुळे रस्स्यात काय पडलंय आणि काय पडायचं राहिलंय एवढं जिभेला समजतं. सवय लावली तर कुणालाही समजेल.

कधी जायचं

उद्घाटनाच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा मालक स्वतः टेबलाशी येऊन वाढतो, मेहुणा गल्ल्यावर असतो, पुतण्या पाणी देत फिरतो आणि खाणारेही अर्धे सोयरेच असतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला ठेक्याने वस्ताद आणलेला असतो. तो पंधरा-वीस दिवस राहतो, मसाल्याचं माप बसवून देतो, हाताखालच्या पोरांना दाखवतो आणि पुढच्या कामाला निघून जातो. पहिल्या रविवारी तुम्ही खाल्लेली मिसळ त्या वस्तादाची. वर्षभर मिळणार ती पोरांच्या हातची. म्हणून मी महिना जाऊ देते आणि मग एकदा नाही, दोनदा जाते. एका खेपेवर मत द्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच झालाय.

सध्या तर सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. पंचवटीपासून त्र्यंबक रोडपर्यंत दर थोड्या दिवसांनी नवा बोर्ड दिसतो. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी आमच्या ओळखीतल्या दोघांनी असंच हॉटेल टाकलं होतं. पर्वण्या झाल्या, गर्दी ओसरली, आणि एकाने पुढच्या पावसाळ्यात तिथे मोबाइलचं दुकान थाटलं. दुसऱ्याचं अजून चालतंय, कारण तो यात्रेकरूंबरोबर शेजारच्या दुकानदारांनाही सांभाळून होता. नव्या हॉटेलात शिरलात की आजूबाजूचे रिक्षावाले, दुकानदार तिथे चहाला तरी येतात का, ते बघा.

आता वेळ. रविवारी सकाळी मिसळ खायला जाणं हा नाशकात जवळपास कुळाचार आहे. दहानंतर चांगल्या ठिकाणी पार्किंगपासूनच रांग लागते. रस्सा पाहिजे तेवढा घ्या म्हटलेलं असतं, त्यामुळे पातेलं तळाला लागलं की त्यात गरम पाण्याचा तांब्या ओतायचा मोह कुणालाही होईल. मी पहिली खेप मंगळवारी किंवा बुधवारी साडेआठच्या सुमारास करते आणि दुसरी मुद्दाम रविवारी अकराला. दोन्ही खेपांना रस्सा सारखाच निघाला तर मालकाला मानलं.

मटणाच्या नव्या हॉटेलाचं उलटं. तिथे गर्दीच्या दिवशी जा, रविवारी किंवा बुधवारी. श्रावणात तर नकोच. निम्मं नाशिक महिनाभर मटणाकडे बघत नाही, आणि गिऱ्हाईक नसलं की फ्रीजमधला माल किती दिवसांचा आहे हे देवालाच माहीत.

बरोबर कोण

चार माणसं बरी. दोघं गेलात तर दोनच पदार्थ कळतात आणि आठ गेलात तर नुसता गोंधळ होतो. आमच्या चौघांत माझ्या मोठ्या जाऊबाई असतात, त्यांना तिखट अजिबात चालत नाही. आमच्या ह्यांना साखर आहे, त्यामुळे त्यांचं लक्ष गोडावर. भाचा कॉलेजात शिकतो, तो दगडही पचवेल. चौथी मी. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तर तिखट नक्की जास्त. भाच्याने ताटात काही टाकलं तर मामला गंभीर.

एक सांगून ठेवते, कडकडून भूक लागलेली असताना नव्या जागी मत बनवायला जाऊ नका. त्या भुकेत एसटी स्टँडवरचा गार वडाही अमृत लागतो. घरून दोन बिस्किटं खाऊन निघा. जाण्याआधी पान, तंबाखू, कडक कॉफी नको, जीभ बधिर होते.

काय मागवायचं

मेन्यू कार्ड उघडलं की पहिल्या पानावर त्यांची खासियत चौकटीत छापलेली असते. ती पहिल्या खेपेला मागवू नका. त्यावर चीज असतं, क्रीम असतं, नाहीतर ती धूर सोडत टेबलावर येते आणि खाली काय आहे ते कळतच नाही. त्या स्वयंपाकघरात रोज सर्वात जास्त काय बनतं ते मागवा. उडुप्याकडे साधी इडली आणि सांबार, डोसा नंतर. पंजाबी हॉटेलात डाळ तडका आणि तंदुरी रोटी. पनीर मागवलंच तर आधी विचारा की दुधाचं आहे की ॲनालॉग, म्हणजे वनस्पती तेल घालून पनीरसारखं केलेलं. खानावळीत वरण-भात. ज्याचं वरण बेचव त्याचं व्हेज कोल्हापुरी चांगलं निघाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

मिसळीचं मात्र सविस्तर सांगते, कारण नाशकात नवं हॉटेल म्हणजे निम्म्या वेळा मिसळच.

ताट आलं की लगेच कालवू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळं वेगवेगळं येतं. मटकीची उसळ आणि तिच्यावर शेव, वाटीत रस्सा, दुसऱ्या वाटीत तर्री, बाजूला कांदा, लिंबू, दही, पापड आणि पाव. हे वेगळं येतं ते आपल्या पथ्यावरच पडतं. मी चमच्याने शेव बाजूला सारते आणि नुसती मटकी तोंडात टाकते. मोड अख्खा असावा, दाणा दाबला की फुटावा, पण पीठ होऊ नये. आणि दाण्याच्या आत मीठ लागलं पाहिजे. मटकी नुसती उकडून ठेवली आणि वरून रस्सा ओतला तर बाहेरून झणझणीत आणि आतून पांचट लागते. घाईच्या ठिकाणी हे फार होतं, आणि मिसळ कालवल्यावर ते शोधून सापडत नाही.

मग नुसता रस्सा, अर्धा चमचा. जिभेवर ठेवायचा आणि पटकन गिळायचा नाही. तिखट कुठे लागतं ते बघा. बेडगी मिरची रंग देते, तिखट बेताची. लवंगी घशाशी जाऊन डंख मारते. दोन्हींचा मेळ बसला असेल तर आधी वास येतो, मग चव, मग सावकाश तिखट चढतं. नुसतीच लवंगी ढकलली असेल तर पहिल्या सेकंदाला ठसका आणि मग काहीच नाही. काळ्या रस्स्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा गोडसर खमंगपणा यायला हवा आणि मागे दगडफुलाचा तो मातीसारखा वास. मसाला पुरेसा परतला नसेल तर कच्च्या धण्याचा वास येतो, तो मला तरी दारातच कळतो.

आता रंग. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून तर्री लालभडक असली तरी खालचा रस्सा तपकिरी असतो. मी एक चमचा तर्री पाण्याच्या ग्लासात सोडून बघते. तेल आपला रंग घेऊन वर तरंगलं तर ठीक. पाणी स्वतःच लाल-गुलाबी व्हायला लागलं तर मला शंका येते की वरून रंग टाकलाय. हा काही लॅबचा निकाल नव्हे, त्यामुळे त्यावरून कुणावर आरोप करू नका. मी पुढच्या खेपेला दुसरीकडे जाते, बस. (वेटर बघत असतात. एकाने विचारलं होतं, "ताई, पाण्यात पडलं का? दुसरा ग्लास आणू?")

रस्सा गार होऊ द्या थोडा. वर जाडसर साय धरली तर तो बहुधा पीठ लावून दाट केलेला आहे. त्यात गैर काही नाही, पण मग वाटण किती घातलं असेल त्याचा अंदाज येतो. शेव चावून बघा, जुनाट तेलाचा खवट वास लगेच लागतो. पावाला खालून बोट लावा, ओला असेल तर वाफेवर गरम करून झाकून ठेवलेला.

तिखट लागलं की पाणी पिऊ नका, दही घ्या. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, दुधा-दह्यातल्या प्रथिनांना मात्र तो चिकटतो आणि जिभेवरून निघतो. पाण्याने तो तोंडभर पसरतो, आणि मग पुढच्या घासाचं तुम्हाला काही कळत नाही.

"चुलीवरची" या पाटीबद्दल थोडं. बारदान फाट्याकडे साधनाची चुलीवरची मिसळ आहे, तिथे लांबून माणसं येतात. आता शहराबाहेर पडलं की दर दुसऱ्या फाट्यावर चूल लिहिलेली दिसते. लिहिलं असेल तर उठून बघून या. पेटती चूल असेल तर लाकडं रचलेली दिसतात, राख दिसते, भिंत काळी झालेली दिसते. दोन ठिकाणी मला चूल सापडली ती सेल्फी काढायला, आत कोरडी ठणठणीत.

खानदेशी खानावळी सिडको-अंबड भागात बऱ्याच आहेत, कारण कंपन्यांमध्ये कामाला आलेली धुळे-जळगावची माणसं इथे स्थायिक झाली. तिथे शेवभाजी मागवा आणि शेव रस्स्यात कधी घातली ते बघा. वाढताना घातलेली शेव पहिले दोन घास कुरकुरीत राहते. आधीच घालून ठेवलेली असली की लगदा होतो. भरीत मागवायचं ते थंडीत. तेव्हा ती मोठी हिरवी वांगी येतात. वांगं विस्तवावर भाजलंय की गॅसवर, हे वासावरून कळतं. विस्तवावरच्याला साल जळल्याचा खोल वास असतो. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असेल तर तीच घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. नव्या हॉटेलला जुन्या नावांच्या पट्टीने मोजू नका. सायंताराचा साबुदाणा वडा, बुधाची जिलेबी, कोंडाजीचा चिवडा हे खाऊन आपण लहानाचे मोठे झालो. त्या चवीत आपलं बालपण मिसळलेलं आहे. दोन महिन्यांपूर्वी कर्ज काढून हॉटेल टाकलेल्या पोराने ते कुठून आणायचं? त्याच्याच शेजारच्या, त्याच भावाच्या हॉटेलाशी तुलना करा.

बिल आणि बाकीचं

हे पटकन सांगते. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, असायला हवा, १ जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचं आहे. हॉटेलातल्या जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. पण छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवलं. गंगापूर रोडच्या एका चकचकीत ठिकाणी आमच्या बिलात तो लावलेला होता. ह्यांनी शांतपणे "हा काढा" म्हटलं, त्यांनी शांतपणे काढला. मला वाटतं, त्यांना ते रोज ऐकायची सवय असावी. नाहीच काढला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तळणीच्या तेलाचाही नियम आहे. वारंवार तापवून तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही. ते मोजायला यंत्र लागतं, पण कढई समोर असेल तर तेल काळं आणि फेसाळ झालेलं डोळ्यांनाही दिसतं. उलटा वडापाव खायचा असेल तर मी आधी कढईत डोकावते. सबंध पावच पिठात बुडवून तळलेला, म्हणजे तेलही तेवढंच पोटात जाणार. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का, तेही बघा. जिथे गिऱ्हाइकासाठी साबण नाही तिथे आतल्या पोरांसाठी असेल यावर माझा विश्वास नाही.

वहीत काय लिहायचं

घरी गेल्यावर लिहीन म्हटलं की राहतं. मी पर्समध्ये शाळेची लहान वही ठेवते. तारीख, वार, वेळ, बिल किती, कोण कोण होतं. मग काय खाल्लं ते, "छान", "मस्त", "भारी" हे तीन शब्द न वापरता. पहिल्यांदा लिहायला बसाल तेव्हा पेन हवेतच राहील. त्या शब्दांवाचून आपल्याला बोलताच येत नाही.

मग ताटात काय उरलं ते लिहायचं. तोंडाने माणूस काहीही म्हणतो, पण ताट खोटं बोलत नाही. आमचे हे एका थाळीचं खूप कौतुक करत होते. ताटात बघितलं तर दोन्ही भाज्या तशाच, संपली होती ती बासुंदी.

आणि दुपारी चार वाजता एक ओळ आणखी. तहान किती लागली? छातीत जळजळतंय का? सारखं पाणी प्यावंसं वाटलं तर मीठ जास्त होतं, खाताना तिखटामागे ते लपलेलं होतं.

आधी मालकाला सांगा

काही चुकलं असेल तर जगाला सांगायच्या आधी गल्ल्यावर सांगा. चार गिऱ्हाइकांसमोर नको. बिल देताना, हळू आवाजात आणि एकच गोष्ट. "दादा, मटकीत मीठ नव्हतं आज" एवढं पुरे. पाच तक्रारी केल्यात तर तो तुम्हाला कटकटी समजेल आणि एकही लक्षात ठेवणार नाही. जे आवडलं असेल तेही सांगा, पण खरं असेल तरच. तोंडदेखलं कौतुक त्यालाही कळतं.

आधी चौकशी केल्याशिवाय मत देऊ नका, हे मी माझ्याच दारात शिकले. दोन वर्षांपूर्वी उत्तमनगरकडे एक छोटी खानावळ निघाली. नवरा-बायको दोघंच चालवायचे. पाटवडी रस्सा मागवला. वडी मऊ, कडा धरून राहिलेली, अगदी मनासारखी. रस्सा मात्र मागून कडू. पहिल्या घासाला नाही, गिळल्यावर जिभेच्या मुळाशी. मी चौघांना सांगितलं की मसाला करपलाय यांचा, यांना भाजता येत नाही. वहीतही तसंच लिहिलं. बिल देताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "वहिनी, मसाला घरी करता का?"

ती म्हणाली, "नाही हो ताई, तुमच्याकडूनच नेला की, अक्षय तृतीयेच्या आधी. ओळखलं नाही का मला?"

घरी येऊन मागे ठेवलेला नमुना काढला. आम्ही भाजून-कुटून देतो त्या प्रत्येक मोठ्या ऑर्डरचा मूठभर ठेवतो. चाखला. कडूच. त्या आठवड्यात दुकानात नवा मुलगा होता. त्याने दगडफूल मापापेक्षा जास्त घातलं होतं आणि खोबरंही पार काळं होईपर्यंत भाजलं होतं. मी दुसऱ्या दिवशी दोन किलो मसाला बदलून दिला आणि वहीतलं ते वाक्य खोडलं. खोडलेलं अजून दिसतं.

तेव्हापासून आमच्याकडून मसाला नेणाऱ्या हॉटेलाबद्दल कुणी विचारलं तर मी आधी तेच सांगते: "हे आमचे गिऱ्हाईक आहेत, माझं ऐकताना तेवढं धरून चाला." तुम्हीही सांगा. मालक तुमचा मावसभाऊ असेल, जेवण फुकट मिळालं असेल, मागे भांडण झालं असेल, ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे.

मग बाकीच्यांना

लोकांना दोन गोष्टी हव्या असतात: तिथे काय मिळतं आणि ते माझ्यासारख्याला आवडेल का. तुम्हाला आवडलं की नाही हे त्यानंतर. "मिसळ एकदम बकवास, पैसे वाया" यातून मला काय कळलं? काहीच नाही. त्याऐवजी "रस्सा पातळ, तिखट कमी, काळ्या मसाल्याचा वास जवळपास नाही, पाव गरम, दही गोड, १२० रुपये, बुधवारी नऊ वाजता" असं म्हणा. हे वाचून माझ्या जाऊबाई उड्या मारत जातील आणि भाचा जाणार नाही. दोघांचाही फायदा. तिखट सांगताना आपण कुठले तेही सांगा. आमच्याकडचं "बेताचं" पुण्याच्या पाहुण्याला रडवतं.

मोबाइलवर तारे द्यायचे तर द्या, पण ताऱ्यांखाली दोन ओळी लिहा. आणि दुसऱ्या खेपेला चव बदललेली निघाली तर जुनं लिहिलेलं दुरुस्त करा, ती सोय असते. फोटो काढा, पण फोटोत तर्री नेहमीच चांगली दिसते. फोटोला वास नाही.

पोट बिघडलं तर जपून बोला. आपण शेवटी जिथे खाल्लं त्यालाच दोष देतो. पण अन्नातून होणारा त्रास कधी अर्ध्या तासात सुरू होतो, कधी दोन-तीन दिवसांनी. सोमवारी जुलाब लागले म्हणून रविवारच्या मिसळीला धरलं, आणि खरं कारण शनिवारच्या लग्नातलं श्रीखंड असलं तर? बरोबरच्या सगळ्यांनाच त्रास झाला असेल तर मात्र गप्प बसू नका. डॉक्टरकडे जा, बिल जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवरूनही ती करता येते.

वहीतलं एक पान जसंच्या तसं देते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. हॉटेलचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण त्यांची दुसरी खेप अजून व्हायची आहे.

"मंगळवार, सकाळी ८.४०. पाथर्डी फाट्याच्या पुढे, पत्र्याची शेड, सहा टेबलं. आम्ही चौघं, चार मिसळ, दोन चहा, ५२० रुपये. मसाला आमच्याकडचा नाही. मटकी अख्खी, आत मीठ आहे. रस्सा काळा, आधी खोबरं लागतं, तिखट उशिरा चढतं. तर्री पाण्यात सोडली, पाणी स्वच्छ राहिलं. शेव जाड, ताजी. पाव एका बाजूने ओला. दही आंबट, जाऊबाईंनी साखर मागितली, मिळाली. कांदा कापून ठेवलेला, कडा सुकलेल्या, मालकाला सांगितलं. म्हणाला, 'रविवारी बघा ताई, समोर कापून देतो.' भाच्याने चार वेळा रस्सा घेतला. ह्यांच्या ताटात पापड उरला, मऊ पडलेला. साबण आहे. दुपारी चारला तहान नाही. रविवारी ११ ला परत, कांदा बघायचा."